वाक्य तयार होत होतं

बिल्ल्याची पिन वाकडी होती, आणि ती सरळ करायला गेलं की अंगठ्यात घुसत होती — एकदा घुसली, पुन्हा घुसली, आणि रक्ताचा बारीक ठिपका पांढऱ्या पुठ्ठ्यावर उमटला, नेमका तिच्या नावाशेजारी, जिथे एक अक्षर चुकलं होतं. वनासा बेनझरूकचं वनासा बेनझरूग झालं होतं. पंचवीसेक वर्षं याच विभागात, याच जिन्यावरून चढउतार... आणि अजून यांना माझं नाव धड लिहिता येत नाही. पण खरा वैताग नावाचा नव्हता. नावाखाली अरबीत आणि फ्रेंचमध्ये, हिरव्या शाईत छापलं होतं : सुलभक. शिक्षिका नाही, प्राध्यापिका नाही, सुलभक. जिने बाजूला उभं राहून इतरांचं सोपं करून द्यायचं ती. तिने बिल्ला कोटावर तसाच तिरका अडकवला आणि विद्यापीठाच्या फाटकाशी, तोल्गाच्या खजूर-कारखान्याकडे नेणाऱ्या व्हॅनची वाट पाहत उभी राहिली.

उन्हाळ्यात राजधानीहून एक तरुण आला होता, निमुळत्या बुटांचा, सतत हसणारा. त्याने सगळ्या अध्यापकांना जमिनीवर बसवून कागदी नळ्यांचा पूल बांधायला लावला होता. वनासाचा पूल सगळ्यांत आधी कोसळला, तेव्हा तो टाळ्या वाजवून म्हणाला होता की वा, कोसळणं म्हणजेच शिकणं. यापुढे म्हणे इंग्रजी शिकवायची नाही, इंग्रजीने काम करून घ्यायचं. मुलांनी खरा प्रकल्प घ्यायचा, खऱ्या कारखान्यासाठी, खऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायचं, चुका करायच्या, आपसांत भांडायचं, ठरल्या वेळी काम हातावेगळं करायचं, आणि शिक्षकाने गप्प राहायचं. शांततेला घाबरू नका, असं तो पुन्हा पुन्हा बजावत होता. मूल गप्प झालं की तुमची जीभ वळवळते, ती दातांखाली धरा. मूल! दाढीमिशा आलेली, सिगारेटी फुंकणारी मुलं... शेवटी डीनसाहेबांनी भाषण केलं आणि त्यात एकच शब्द घोळवला — रोजगारक्षमता. हा शब्द त्यांना एका दमात म्हणता येत नसे. रोजगार म्हणून ते थांबत, पाण्याचा घोट घेत, मग क्षमता म्हणत. आणि त्या मधल्या घोटात वनासाला दरवर्षी उत्तम गुणांनी पास होऊन सीदी ओकबाला, ओलाद जलालला, आपापल्या घरी परत गेलेल्या सगळ्या पोरी दिसून जात, दाराच्या फटीतून दिसावं तशा.

व्हॅन आली नव्हती. चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, ड्रायव्हर दोबारा खायला गेलाय. आता तो दोबारा, छोल्यांचा झणझणीत रस्सा, पावाबरोबर संपवून, वर कॉफी पिऊन हा माणूस कधी उगवणार, आणि क्वालालंपूरमधली खजूर घेणारी व्यापारी बाई संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या आत आपल्याशी बोलायला पडद्यासमोर बसणार — तिथे संध्याकाळ म्हणजे इथे सकाळ, हे मी महिनाभर सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडतेय. तीन मुलांचा गट होता, त्यातली दोनच फाटकाशी उभी होती. ऐमन भिंतीला टेकून फोनवर कसलीशी लढाई खेळत होता. तकवा थोडी दूर, बॅग छातीशी धरून, ओठ हलवत होती. पाठ करत होती हे लांबूनही कळत होतं. तिसरा, गटाचा म्होरक्या रमझी, ज्याला वनासाने स्वतः म्होरक्या केलं होतं, कारण चार माणसांत त्याचा आवाज चालतो, तो नव्हता.

त्याचाच फोन आला. मागे गर्दीचा कालवा होता. त्याने आधी तिच्या तब्येतीची चौकशी केली, मग तिच्या घरच्यांच्या तब्येतीची, मग म्हणाला, "उस्तादा, मला आज जमणार नाही. दुकानातून सुट्टी देत नाहीत."

"कुठल्या दुकानातून?"

"मोबाइलच्या. मला नोकरी लागली ना, शनिवारपासून."

रोजगारक्षमतेच्या प्रकल्पाचा म्होरक्या रोजगार लागला म्हणून गैरहजर होता, आणि यावर ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने? तिने अभिनंदन केलं. ते दातओठ खाऊन केलं, पण केलं. ऐमनने मान वर न करता विचारलं, "रमझी ना? सांगत होता. आठवड्याला एक दिवस सुट्टी, जेवण दुकानाचं. बरं आहे की." म्हणजे याला ठाऊक होतं, आणि याने सांगितलं नव्हतं, गटात संवाद कसा ठेवावा यावर या सगळ्यांनी मागच्याच महिन्यात भिंतीएवढा रंगीत तक्ता बनवला होता.

व्हॅन आली ती तळलेल्या लसणीचा वास घेऊन. तोल्गाच्या रस्त्याला लागल्यावर वनासाने डोळे मिटले, पण डोळे मिटून राग जातो थोडाच... दोन्ही बाजूंना बागांमध्ये माणसं खजुरीवर चढलेली होती, घोस दोरीने खाली सोडत होती, आणि प्रत्येक वळणावर सोंडेसारखी नळी असलेले पाण्याचे टँकर वाट अडवत होते. याच रस्त्याने पुढे, पुष्कळ पुढे, दक्षिणेला गेलं की तेलाची शहरं लागतात. ती कधी गेली नव्हती. पदवीच्या वर्षी एका परदेशी तेल कंपनीने तिला दुभाषी म्हणून निवडलं होतं — मुलाखतीला आलेला तो लालबुंद माणूस तिचं इंग्रजी ऐकून खुर्चीत पुढे सरकून बसला होता, तुम्ही कुठे राहिला होतात असं विचारत होता, आणि ती म्हणाली होती, कुठेच नाही, आमच्या घराच्या गच्चीत. खरंच होतं ते. ती गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींशी इंग्रजी बोलायची. पण ती वर्षं वाईट होती, यादवीची. रस्त्यावर खोट्या चौक्या लागायच्या, बसमधून माणसं उतरवून घ्यायचे. बाबा ओरडले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. ते फक्त दाराशी खुर्ची टाकून दिवसभर बसले, आणि तिने स्वतःच बॅग रिकामी केली. कोणाचीच चूक नव्हती. तेच तर. कोणाची तरी असती तर इतकी वर्षं रागावायला एक माणूस तरी मिळाला असता. त्याऐवजी ती व्याकरण शिकवत राहिली, वर्गामागून वर्ग, परीक्षेपुरतं इंग्रजी, जे परीक्षेनंतर कोणी कोणाशी बोलत नसे. मीही नाही.

"उस्तादा," तकवा शेजारच्या सीटवर सरकून म्हणाली, "त्या बाई माझ्या पाठांतराबाहेरचं काही विचारणार नाहीत ना?"

"विचारतील. विचारायलाच बसल्यात त्या." आवाज हवा त्यापेक्षा तिखट निघाला. "म्हणजे... विचारलं तर विचार करून उत्तर द्यायचं. घाई करायची नाही."

तकवाने मान हलवली. मग खिडकीबाहेर पाहत, विचारलं नसताना, ती सांगू लागली. तिच्या दोन मोठ्या बहिणींनीही पदव्या घेतल्या होत्या, एकीने कायद्याची, एकीने जीवशास्त्राची, आणि दोघी ओलाद जलालला घरी होत्या. सकाळी कोण आधी झाडू मारणार यावरून त्यांचं वाजायचं. तोल्गात मावशी राहते. वडील म्हणाले होते, तोल्गात काम मिळालं तर मावशीकडे राहा, माझी ना नाही. आणि कारखान्याचे मालक हाज मबरूक पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर बोलून गेले होते की जो कोणी या मलेशियाच्या बाईंशी बोलणं निभावेल त्याला मी ऑफिसात ठेवून घेईन, मला इंग्रजीवालं माणूस हवंच आहे. रमझी तेव्हा हसला होता. ऐमनने ऐकलंही नसावं. तकवाने ते वाक्य घरी नेलं होतं.

"मालक बोलले ते खरं करतील ना, उस्तादा?"

वनासाने करतील म्हटलं. एवढं ओझं या पोरीने एका फोनवर टाकावं याचीही तिला चीड आली, आणि मग त्या चिडीची चीड आली.

कारखान्याच्या आवारात शिरताच खजुराचा गोड, जड वास घशाला चिकटला. हाज मबरूक दारातच उभे होते — ठेंगणे, पांढऱ्या टोपीतले, शाळा चौथीपर्यंत झाल्याचं स्वतःच सांगणारे. इतकी वर्षं त्यांचा देग्लेत नूर जातीचा खजूर दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या खोक्यांतून समुद्रापार जात होता. आता त्यांना मध्यस्थ नको होता. मुलांनी तीन महिने खपून त्यांच्या मालाचं इंग्रजी माहितीपत्रक केलं होतं, पत्रव्यवहार केला होता, आणि त्या पत्रांमुळेच आज ही मलेशियाची मादाम रोझनी बोलायला तयार झाली होती. हे खरं होतं. हे मुलांनी केलं होतं. आणि खरं सांगायचं तर ते सगळं तकवाने केलं होतं, ऐमनने छायाचित्रं काढली होती आणि रमझीने ठिकठिकाणी ओळख करून दिली होती.

ऑफिसात डीनसाहेब आधीच पोहोचले होते, स्वतःच्या गाडीने, सोबत एक लांबलचक कापडी फलक घेऊन. तो भिंतीवर लावायचा होता. दोन कामगार खुर्च्यांवर चढले. फलक डावीकडे झुकला, मग उजवीकडे. डीनसाहेबांनी तो खाली काढून पुन्हा लावायला सांगितला. क्वालालंपूरमध्ये संध्याकाळ मावळत होती. "छायाचित्रात विद्यापीठाचं नाव पूर्ण आलं पाहिजे," ते म्हणाले, आणि वनासाला बाजूला घेऊन हळूच, "तुम्ही मध्ये बोलणार नाही ना? मंत्रालयाला चित्रफीत जाणार आहे. पद्धत दिसली पाहिजे." तिने बिल्ल्याकडे बोट दाखवलं. याहून जास्त विनय तिच्याकडे शिल्लक नव्हता.

पडद्यावर मादाम रोझनी उमटल्या : पन्नाशीच्या, फिकट निळा स्कार्फ, मागे फळ्यांवर खोकीच खोकी, हातात कप. ऐमनने सुरुवात केली आणि त्याचं इंग्रजी नळ फुटल्यासारखं धो धो वाहिलं — सगळं खेळांतून उचललेलं, अमेरिकेतल्या कुठल्या तरी पोराचं. त्याने मादामना दोस्ता म्हटलं. वनासाने दातांखाली जीभ धरली. मादाम हसल्या, रागावल्या नाहीत; त्यांनी त्याला विचारलं की खजूर कुठल्या महिन्यात उतरवता, आणि त्याने चुकीचा महिना सांगितला, मग तकवाने खालून चिमटा काढल्यावर बरोबर सांगितला. मग तकवाची पाळी आली. ती उभी राहिली — उभं राहायची गरज नव्हती — आणि खोक्यांचे आकार, ओलावा, प्रतवारी, सगळं एकामागून एक, बारीक पण स्वच्छ आवाजात बोलत गेली. हाज मबरूकना एक शब्द कळत नव्हता, तरी ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. वनासाच्या खांद्यांतला ताण सैल होऊ लागला. निभावतेय. पोरगी निभावतेय.

तेव्हा मादामनी कप खाली ठेवून विचारलं. गेल्या रमजानात त्यांनी दुसऱ्या कोणाकडून खजूर घेतले होते; ते वाटेतच वरून पांढरे पडले, साखर बाहेर आली, गिऱ्हाइकांना ती बुरशी वाटली, अर्धा माल परत आला. तुमच्या मालाला तसं झालं तर जबाबदारी कोणाची?

तकवा गप्प झाली.

खोलीत यंत्रांचा घरघराट तेवढा खालून ऐकू येत होता. ऐमन छताकडे पाहत होता. डीनसाहेबांच्या हातातला फोन चित्रण करतच होता. तकवाचे डोळे पडद्यावरून ढळून टेबलाच्या कडेवर आले, आणि तिचे ओठ — ते मी पाहिलं, पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही — तिचे ओठ हलत होते, अगदी बारीक. फाटकाशी हलत होते तसे नव्हे, जोडत जोडत. एक शब्द ठेवून पाहावा, नको म्हणून उचलावा, दुसरा ठेवावा. पंचवीसेक वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईला पाठ विसरलेलं तोंड आणि वाक्य घडवत असलेलं तोंड यांतला फरक कळतो. मादामनी कप पुन्हा उचलला होता. हाज मबरूक खुर्चीत चुळबुळले. आणि वनासाला वाटलं की आता हे सगळं कोसळणार, कागदी नळ्यांसारखं, आणि कोसळणं म्हणजेच शिकणं म्हणणारा तो तरुण इथे नाही, इथे एका माणसाचा वर्षभराचा माल आहे, आणि हिला मावशीकडे राहायचंय — आणि हे सगळं वाटायच्या आधीच तिचं तोंड उघडलं होतं.

ती बोलली. माफ करा मादाम, असं म्हणून खुर्ची पुढे ओढून तिने सांगायला सुरुवात केली : ती बुरशी नसते, साखर असते, माल फार काळ आणि फार थंडीत पडून राहिला की वर येते, इथून निघताना ओलावा किती हे आम्ही लिहून देऊ, तुमच्या बंदरावरच्या गोदामात तापमान किती राहील हे तुम्ही लिहून द्या, आणि जबाबदारी तिथून वाटून घेऊ. मादाम पुढे सरकून बसल्या. त्यांनी खोचक प्रश्न केला. वनासाने त्याला तितकंच खोचक, पण हसरं उत्तर दिलं. मादाम खळखळून हसल्या. मग दर निघाले, हप्ते निघाले, रमजानच्या किती आधी माल बोटीवर चढला पाहिजे ते निघालं. वनासा हाज मबरूकना अरबीत विचारी, ते कानाशी पुटपुटत, ती ते उचलून, त्यातला कडवटपणा काढून, इंग्रजीत पुढे ठेवी. किती सोपं होतं. वाक्यं तिच्या आधी पोहोचत होती. कोणी तरी समोर बसून, उत्तर हवं म्हणून, तिचं इंग्रजी ऐकत होतं. तपासायचं म्हणून नव्हे, गुण द्यायचे म्हणून नव्हे. मध्येच केव्हा तरी तिच्या लक्षात आलं की तकवा बसली आहे. केव्हा बसली ते कळलं नव्हतं.

पडदा काळा झाला तेव्हा हाज मबरूकनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. पहिला कंटेनर ठरला होता. खजुराची तबकं आली, ताक आलं, कॉफी आली. डीनसाहेबांनी सगळ्यांना फलकाखाली उभं केलं, वनासाला मधोमध, आणि पद्धत दिसली नाही याबद्दल अवाक्षरही काढलं नाही. उलट म्हणाले, विद्यापीठाची शान राखलीत. ऐमनने तोंडात खजूर टाकत शेरा मारला, "उस्तादा, आमच्या प्रकल्पातून नोकरी लागणार ती तुम्हालाच." सगळे हसले. तीही हसली.

चेष्टा चेष्टाच राहिली नाही. निघताना हाज मबरूकनी तिला दाराशी थांबवलं.

"उस्तादा, आठवड्यातले दोन दिवस या माझ्याकडे. तुमच्या तासांच्या सोयीने. त्या बाईंनी जाता जाता तुमचं नाव दोनदा घेतलं, तेवढं मलाही कळलं."

"तुम्ही या मुलांपैकी कोणाला तरी घेणार होतात," वनासा म्हणाली. तेवढं तरी ती म्हणाली.

"घेणारच होतो. वल्लाह, अजूनही मनात आहे. पण तो पोरगा माकड आहे, आणि पोरगी..." त्यांनी आवारात उभ्या असलेल्या तकवाकडे पाहिलं, प्रेमानेच पाहिलं. "पोरगी गुणी आहे. पण अडलं की बोलत नाही. नाही का?"

यावर बोलायला अख्खं एक वाक्य तिच्यापाशी होतं. हाज, ती बोलणार होती, मी बोलू दिलं नाही. साधं वाक्य, पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमेल असं. तिने ते जिभेवर घेतलंसुद्धा. आणि तोंडातून निघालं ते फक्त, "हं."

उद्या कळवा, असं म्हणून हाज मबरूकनी तिच्या हातात खजुराचं खोकं दिलं.

परतीच्या वाटेवर ऐमन झोपून गेला. तकवा पुढच्या सीटवर होती, पाठ ताठ. वनासा त्या पाठीकडे पाहत राहिली आणि तिच्या डोक्यात तिडीक उठली. अशी पाठ करून बसायला हिला कोणी सांगितलं? बोल ना, रड, भांड. हिच्यासाठी मी तीन महिने ऑफिसांचे उंबरठे झिजवले, व्हॅनसाठी अर्ज केले, त्या फलकवाल्या डीनची मनधरणी केली... आणि तो कंटेनर ठरला नसता म्हणजे? आज माझ्या जागी मोठा साहेब असता तर त्याने हिच्यासाठी जगाला थांबवून धरलं असतं? ओलावा आणि गोदामाचं तापमान ही सगळी माहिती मी कुठून आणली होती, तर तकवाच्याच माहितीपत्रकातून. तिनेच शोधलं होतं, तिनेच लिहिलं होतं. मी त्यातली फक्त क्रियापदं दुरुस्त केली होती. हे आठवलं तसा राग आणखी भडकला, कारण आता त्याला जायला जागा उरली नव्हती.

मुलींच्या वसतिगृहापाशी तकवा उतरली. वनासाही तिच्या मागोमाग उतरली आणि ड्रायव्हरला जायला सांगितलं. आपण का उतरलो हे तिला नीट ठाऊक नव्हतं. दुपारचं ऊन भिंतीवर पडलं होतं. आत कोणी तरी मोठ्याने फोनवर बोलत होतं. तिने खजुराचं खोकं तकवापुढे केलं. तकवाने ते घेतलं नाही, पण नकोही म्हटलं नाही, आणि ते दोघींच्या मध्ये वनासाच्याच हातात राहिलं.

"माझं वाक्य तयार होत होतं, उस्तादा," तकवा म्हणाली.

"मला माहीत आहे."

हे उत्तर तिला अपेक्षित नसावं. तिने पहिल्यांदा वर पाहिलं. आणि वनासाला तेवढ्यावर थांबवेना, थांबायला हवं होतं, पण दिवसभराचा सगळा वैताग, ती पिन, तो रस्सा खात बसलेला माणूस, तो तिरका फलक, सगळं एकदम वर आलं : "पण किती वेळ, तकवा? जगात कोण कोणासाठी थांबतं एवढं? काम म्हणजे वर्ग नाही. समोरचं माणूस उठून गेलं असतं म्हणजे?"

"त्या बाई थांबल्या होत्या," तकवा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "त्यांनी चहा घेतला. मला दिसत होतं."

वनासाला कप दिसला. खाली ठेवलेला, मग पुन्हा उचललेला — घाईत नव्हे, घड्याळाकडे पाहत नव्हे; दुसऱ्याला सवड द्यावी म्हणून माणूस उचलतो तसा. तो तिने पाहिला होता. तिथेच पाहिला होता, तोंड उघडायच्या आधी.

"मालकांनी तुम्हाला विचारलं ना?" तकवाने विचारलं. "ऐमन म्हणत होता."

"विचारलं."

"घेणार तुम्ही?"

व्हॅनमध्ये बसल्यापासून ती धरूनच चालली होती की नाही म्हणायचं. मी, या वयात, नोकरी असताना, एका पोरीच्या तोंडचं... छे. प्रश्नच नव्हता. तसं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि "माहीत नाही" असं निघालं. ते खोटं नव्हतं, हे ऐकल्यावर तिला कळलं.

"मला तुमचा खूप राग आलाय," तकवा म्हणाली, पाठ म्हणून दाखवावी तितकं स्वच्छ. मग बॅग खांद्यावर नीट घेत, जायला वळून, "पण तुम्ही बोलत होतात तेव्हा वेगळ्याच दिसत होतात. वर्गात तुम्ही कायम चिडलेल्या असता."

फाटक वाजलं. वनासा खोकं काखेत मारून बसथांब्याच्या दिशेने चालू लागली. उद्या हाज मबरूकना फोन करायचा. नाही म्हणायचं आणि पोरीला आणखी एक संधी द्या म्हणायचं, किंवा दोघींना घ्या म्हणायचं, किंवा... सवयीने तिने मनातल्या मनात कोणावर तरी रागवायला घेतलं. डीनसाहेब घेऊन पाहिले, ड्रायव्हर घेऊन पाहिला, रमझीला पाहिलं, बाबांच्या त्या दाराशी टाकलेल्या खुर्चीपर्यंत जाऊन आली. कोणी हाती लागेना. सगळे आपापल्या जागी बसलेले, निर्दोष, जरासे थकलेले. आणि त्या रिकाम्या जागेत, तिला न विचारता, मादाम रोझनी पुन्हा हसल्या. त्यांनी गोदामाच्या भाड्याबद्दल काही तरी विचारलं, जे त्यांनी खरं तर विचारलं नव्हतं, आणि वनासा चालता चालता त्यांना उत्तर देऊ लागली, इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द चवीने पुढे ठेवत. समोरून येणाऱ्या बाईने वळून पाहिलं, तेव्हा तिला कळलं की आपले ओठ हलताहेत. हे थांबवायला हवं, असं तिला स्पष्ट वाटलं. थांबवता येत होतं. उत्तर पुरं व्हायला अजून अवकाश होता, आणि ती थांबवत नव्हती.